गाडगे महाराज

गाडगे महाराज, मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर (जन्म : २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, जिल्हा अमरावती, मृत्यू : २० डिसेंबर १९५६, वलगावजवळ, जिल्हा अमरावती), हे वऱ्हाडातील संत, कीर्तनकार आणि समाजसुधारक होते. गाडगेबाबा या नावाने ते अधिक ओळखले जातात. हातात खराटा, डोक्यावर फुटके गाडगे आणि अंगावर चिंध्यांचे वस्त्र अशा वेशात त्यांनी पन्नास वर्षे महाराष्ट्रभर पायपीट केली. दिवसा गाव झाडायचे, तुंबलेल्या नाल्या मोकळ्या करायच्या आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम होता. तीर्थक्षेत्रांच्या ठिकाणी त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा, घाट, सदावर्ते आणि शाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी मात्र त्यांनी काहीही ठेवले नाही. गावातील घाण, सांडपाणी आणि गाळ हा धर्मकार्याचा विषय आहे, असे कृतीने सांगणारे ते महाराष्ट्रातील पहिले लोकप्रिय कीर्तनकार म्हणता येतील.

प्रदेश आणि परिस्थिती

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याची गाविलगड रांग आहे. याच रांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर, चिखलदरा हे थंड हवेचे ठिकाण वसलेले आहे. (या नावाचा संबंध लोक चिखलाशी जोडतात, परंपरा मात्र महाभारतातील कीचकाशी जोडते आणि ‘कीचकदरा’ हे मूळ रूप मानते.) डोंगर उतरून खाली आले की अचलपूर, अंजनगाव सुर्जी, दर्यापूर असा सपाट मुलूख लागतो. शहानूर, चंद्रभागा, पेढी अशा नद्या या मुलखातून वाहत जाऊन पूर्णेला मिळतात. शेंडगाव अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे, तर डेबूजींचे बालपण ज्या दापुरे गावी गेले ते अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात आहे.

बाबांचे कार्य समजून घ्यायचे तर या जमिनीची जात आधी लक्षात घ्यावी लागते. पूर्णेचे खोरे म्हणजे खोल काळी माती. ही माती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते आणि तिच्यातील छिद्रे बंद होतात. त्यामुळे वर साचलेले पाणी सहजी खाली मुरत नाही. कपाशीला जी माती वरदान, तीच गावठाणात शाप ठरते. न्हाणीचे, भांड्यांचे, गुरांच्या गोठ्याचे पाणी घराबाहेर पडले की तेथेच साचते, त्यात शेण आणि केरकचरा मिसळतो आणि काळा, दुर्गंधीयुक्त रेंदा तयार होतो. पावसाळ्यात तर गावातील वाट आणि नाली यांत भेद उरत नसे. पूर्णाकाठचा बराच भाग खारपाण पट्ट्यात मोडतो; विहिरींचे पाणी खारे असल्याने लोक नदीनाल्यांच्या पाण्यावर अवलंबून असत आणि गावातील घाण वाहत जाऊन त्याच पाण्यात मिसळे.

त्या काळी वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळी कापसाला चढलेले भाव उतरले होते, सावकारी बळावली होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पडले. पटकी, देवी, हिवताप हे रोग घरोघरचे होते. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये कोलकात्यात पटकीच्या जंतूचा अभ्यास करून तो रोग दूषित पाण्यातून पसरतो याला बळकटी आणली होती. परंतु वऱ्हाडातील खेड्यात पटकी ही देवीचा कोपच समजली जाई आणि तिच्या शांतीसाठी कोंबडे-बकरे कापले जात. रोगाचे मूळ दारातल्या नालीत असताना उपाय देवळात शोधला जात होता.

बालपण आणि शेती

डेबूजींचा जन्म परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनात बुडाले, घर कंगाल झाले आणि डेबूजी लहान असतानाच त्यांचा मृत्यू झाला. आई सखुबाई मुलाला घेऊन दापुरे येथे माहेरी आली. आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांच्या घरी डेबूजी वाढले. शाळा त्यांना मिळाली नाही. गुरे राखणे, गोठा साफ करणे, नांगर धरणे यातच त्यांची बाळपणाची वर्षे गेली. गुरांच्या अंगावर चिखल राहू न देणारा आणि गोठ्याची जमीन स्वतः खरवडून काढणारा गुराखी, अशी त्यांची गावात ख्याती असल्याचे चरित्रकार सांगतात. शेतीतही ते कुशल होते.

मामाने भाबडेपणाने सावकाराच्या कागदांवर अंगठे दिले आणि जमीन हातची गेली. त्या धक्क्याने मामा खचून वारला. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा तरुण डेबूजींनी त्यांना अडवले. अखेर तडजोड होऊन काही जमीन कुटुंबाकडे राहिली. अक्षरशत्रू माणसाला कागद कसा गिळतो, हे त्यांनी असे स्वतःच्या घरात पाहिले. पुढे कीर्तनात मुलांना शाळेत घाला, हा आग्रह त्यांनी शेवटपर्यंत धरला आणि त्यासाठी जेवणाचे ताट मोडा, अंगावर जाडेभरडे नेसा, पण मुलाला शिकवा, अशा आशयाचा उपदेश ते करीत. त्याचे मूळ या प्रसंगात आहे.

१८९२ मध्ये त्यांचा विवाह कुंताबाई यांच्याशी झाला. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण यांचे जेवण द्यायला हवे होते. डेबूजींनी गोडाचे जेवण घातले. जातभाई रागावले, पण वडिलांचा दारूने झालेला शेवट ज्याने पाहिला होता त्याला हा राग सोसणे जड गेले नाही.

ऋणमोचनचा चिखल

अमरावती जिल्ह्याच्या भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. तेथे मुद्गलेश्वराचे देवस्थान असून पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. यात्रेकरू नदीत स्नान करीत. मात्र नदीची दरड उंच, काळ्या मातीची आणि निसरडी होती. ओल्या अंगाने वर चढणारी माणसे चिखल करीत आणि मागून येणारी म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया त्यावरून घसरून पडत. हे दृश्य दरवर्षीचेच होते आणि कोणाला त्यात काही करण्यासारखे वाटत नव्हते. डेबूजींनी फावडे घेऊन दरडीत पायऱ्या खोदल्या, चिखल उपसून बाजूला टाकला. त्यांच्या सार्वजनिक कार्याचा आरंभ येथे झाला, असे मानले जाते. पुढे १९०८ मध्ये याच ठिकाणी लोकांच्या मदतीने पक्का घाट बांधला गेला. बाबांच्या एका मुलाचे नाव मुद्गल ठेवले होते, यावरूनही या क्षेत्राशी असलेला त्यांचा जिव्हाळा दिसतो.

बाबांच्या चरित्रात चमत्कारांना जागा नाही, आणि ज्यांनी पुढे ते घुसवण्याचा प्रयत्न केला त्यांनी बाबांना समजून घेतले नाही असेच म्हणावे लागते. ऋणमोचनला घडले ते एवढेच की, एका शेतकऱ्याने निसरडी वाट पाहिली आणि ती दुरुस्त केली.

गृहत्याग

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूजींनी घर सोडले. मागे आई, पत्नी आणि लहान मुले होती. त्यानंतरची सुमारे बारा वर्षे ते कोणाला न सांगता, नाव न लावता भटकत राहिले. अंगावर ठिगळांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटकी बांगडी, डोक्यावर मातीचे गाडगे आणि हातात काठी किंवा खराटा. त्याच गाडग्यात ते भाकर घेत, त्यातच पाणी पीत आणि ऊन-पावसात तेच डोक्यावर घालीत. लोकांनी त्यांना कोठे गोधडेबुवा म्हटले, कोठे चिंधेबुवा; गाडगेबाबा हे नाव कायमचे चिकटले.

या भटकंतीत त्यांनी एक गोष्ट नेमाने पाळली. काम केल्याशिवाय ते कोणाची भाकर खात नसत. गावात शिरले की कोणाचे लाकूड फोडून दे, कोणाचे शेत निंद, कोणाच्या दारातील केर काढ, आणि मग भाकर माग. भिक्षेवर जगणाऱ्या बैराग्यांच्या परंपरेत हे वेगळे होते. कोणी काम न घेता अन्न देऊ केले तर ते तेथून निघून जात. वेडा समजून त्यांना मारहाण झाल्याचे, हाकलून लावल्याचे प्रसंगही चरित्रांत आहेत.

गाव झाडण्याची पद्धत

बाबांची कीर्ती पसरल्यावर गावोगावचे लोक त्यांना कीर्तनासाठी बोलावू लागले. स्वागताची तयारी करून लोक वेशीत उभे असत आणि बाबा मागच्या वाटेने शिरून गाव झाडायला लागलेले असत. त्यांची कामाची रीत ठरलेली होती. आधी चावडी, देऊळ आणि विहिरीचा परिसर, मग रस्ते, मग नाल्या. सुका केर खराट्याने एका जागी लोटायचा, ओला गाळ फावड्याने उपसून टोपल्यात भरायचा आणि गावाबाहेर नेऊन टाकायचा. एकटा म्हातारा माणूस नालीत उतरलेला पाहून आधी दोन-चार मुले, मग तरुण, आणि शेवटी कीर्तनासाठी नवे धोतर नेसून आलेले प्रतिष्ठितही हात लावीत. दुपारपर्यंत गाव झाडून होई. रात्रीच्या कीर्तनात बाबा त्याच गावाचे उदाहरण घेत असल्याने श्रोत्यांना पळवाट नसे.

नालीतील गाळ उपसण्याच्या या कामाकडे केवळ टापटीप म्हणून पाहिले तर त्यातील अर्धेच कळते. साचलेला ओला गाळ ही कुजण्याची, पण वाईट रीतीने कुजण्याची जागा असते. आत हवा पोहोचत नाही, म्हणून तो सावकाश सडतो, त्यातून दुर्गंधी सुटते, वर डास आणि माश्या वाढतात. तोच गाळ उपसून उन्हात पसरला, ढेकळे फोडली, त्यात कुटार आणि शेण मिसळले की आत हवा खेळते, सूक्ष्मजीव वेगाने काम करतात आणि काही महिन्यांत शेताला घालण्याजोगे खत होते. वऱ्हाडातील शेतकऱ्याला उकिरड्याचे खत बंडीने शेतात नेणे माहीत होतेच. परंतु उकिरडा घराला लागून, विहिरीच्या चढाला, मनाला येईल तसा असे. गावाची घाण गावाबाहेर आणि शेताजवळ गेली पाहिजे, एवढा साधा बदल बाबांच्या झाडण्याने लोकांच्या डोळ्यांसमोर घडत होता.

बाबांच्याच हयातीत जगात इतरत्र याच प्रश्नावर शास्त्रीय काम सुरू होते. १९१४ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा खेळवून सूक्ष्मजीवयुक्त गाळाच्या साहाय्याने ते शुद्ध करण्याची पद्धत मांडली. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर रचून ते ठराविक दिवसांनी उलटण्याची खतपद्धत बसवली. ती इंदूर पद्धत म्हणून प्रसिद्ध झाली. आज मोठ्या शहरांच्या शुद्धीकरण केंद्रांत उरलेला गाळ बंद टाक्यांत कुजवून त्यापासून ज्वलनशील वायू मिळवतात. तेथे अडचण अशी की गाळातील सूक्ष्मजीवांच्या पेशींची कवचे चिवट असतात आणि ती फुटण्यातच बराच वेळ जातो. म्हणून गाळ टाकीत सोडण्याआधी तो गोळ्यांच्या गिरणीत भरडतात, प्रचंड दाबाखाली अरुंद छिद्रातून ढकलतात किंवा श्राव्यातीत ध्वनिलहरींनी फोडतात. पेशी फुटल्या की आतील द्रव्य जंतूंना लगेच उपलब्ध होते, गाळ लवकर कुजतो आणि वायू जास्त मिळतो. फावड्याने ढेकूळ फोडणारा शेतकरी आणि हे यंत्र यांच्यात मोठे अंतर आहे. ढेकूळ फुटले म्हणजे पेशी फुटत नाही. तरीही फोडल्याशिवाय नीट कुजत नाही, ही समज दोन्हीकडे सारखी आहे. बाबांना यातील शास्त्र ठाऊक असण्याचा प्रश्न नव्हता आणि त्यांच्या नावावर ते चढवण्याचे कारणही नाही.

झाडण्याच्या कामाला जातीची दुसरी बाजू होती. मैला वाहणे, गटार उपसणे हे काम ठराविक जातींवर लादलेले होते आणि ते करणारा अस्पृश्य ठरत होता. ज्याने घाण केली तो शुद्ध आणि ज्याने ती काढली तो अशुद्ध, हा न्याय समाजाला मान्य होता. अशा समाजात हजारो लोक ज्याच्या पाया पडायला धावतात तो माणूस नालीत उभा राहतो, याचा अर्थ लोकांना समजावून सांगावा लागत नव्हता. याच काळात कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम स्वतः करण्याचा आग्रह धरला आणि पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात मैल्यापासून खत करणाऱ्या संडासाचे प्रयोग केले. सेनापती बापट यांनीही हाती झाडू घेतला होता. पटवर्धनांची वाट प्रयोगाची आणि बाबांची कीर्तनाची. खेड्यापाड्यांत पोहोचण्याच्या बाबतीत बाबांना तोड नव्हती. परंतु झाडलेले गाव पुढच्या आठवड्यातही स्वच्छ कसे राहील, याची व्यवस्था बसवण्यात पटवर्धनांचा मार्ग अधिक टिकाऊ होता, हेही नोंदवायला हवे.

कीर्तने

बाबा लिहायला-वाचायला शिकले नव्हते, पण संतांचे अभंग त्यांना मुखोद्गत होते, तुकोबांचे विशेष. त्यांचे कीर्तन पोथीतल्यासारखे पूर्वरंग-उत्तररंगात बांधलेले नसे. ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोते उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. कर्ज काढून लग्न करावे का, दगडाला शेंदूर लावून बकरे कापावे का, देवाला अंघोळ घालणारा स्वतःचा देव किती वेळा धुतो, शिवाशीव पाळणाऱ्याच्या शेतात पिकलेल्या धान्याला कोणाकोणाचे हात लागलेले असतात, असे हे प्रश्न असत. श्रोते हसत हसत स्वतःच्याच विरोधात साक्ष देऊन मोकळे होत. मध्येच नामगजर होई आणि पुन्हा प्रश्नोत्तरे सुरू होत.

पायावर डोके ठेवलेले त्यांना खपत नसे. कोणी वाकलाच तर काठी उगारत. आपल्याला कोणी गुरू नाही आणि कोणी शिष्य नाही, असे ते सांगत. गळ्यात हार पडला की तो काढून टाकीत. कीर्तन संपण्याच्या सुमारास गर्दीतून निसटून ते अंधारात पुढच्या गावाची वाट धरीत.

कीर्तनांचा परिणाम म्हणून काही यात्रांतील पशुबळी बंद झाले. १९३१ मध्ये वरवंडे येथील पशुहत्या त्यांच्या प्रबोधनाने थांबल्याची नोंद आहे. वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात नोव्हेंबर १९५६ मध्ये झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झालेले आहे. अखेरच्या आजारपणातील हा आवाज असूनही त्यातील प्रश्न विचारण्याची धाटणी आजही ऐकणाऱ्याला गुंतवून ठेवते.

पंढरपूर आणि धर्मशाळा

आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात लाखो वारकरी येत. त्यांना राहायला जागा नसे, शौचाची सोय नसे. चंद्रभागेचे वाळवंट हेच निवासस्थान आणि हेच शौचस्थान. यात्रा आणि पटकी हे समीकरण इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदपत्रांत वारंवार येते. बाबा यात्रेत देवळात न जाता वाळवंट झाडीत. विठ्ठलाच्या दर्शनाला आलेल्या माणसाला त्याचीच घाण उचलताना पाहण्याचा हा अनुभव वारकऱ्यांना नवा होता.

अस्पृश्य वारकऱ्यांचे हाल तर दुप्पट होते. देवळात प्रवेश नाही आणि इतरांच्या धर्मशाळेत थाराही नाही. १९१७ मध्ये बाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे मराठा धर्मशाळा, तसेच नाशिक, आळंदी, देहू येथील धर्मशाळा उभ्या राहिल्या. १९२५ मध्ये मूर्तिजापूर येथे गोरक्षणाचे काम, धर्मशाळा आणि विद्यालय सुरू झाले. १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ खेड्यांतून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. शहरात उपचारासाठी आलेल्या गरीब माणसाचा खरा प्रश्न रात्री कोठे झोपायचे हा असतो, हे ओळखणारी ही संस्था आजही लोकांच्या उपयोगी पडते.

या कामांसाठी पैसा श्रीमंतांकडून आणि सामान्य लोकांकडून येई. बाबा तो हातात घेत नसत. विश्वस्त नेमले जात आणि हिशेब त्यांच्याकडे असे. बाबांनी धर्मशाळांत आपल्या नातेवाइकांना राहू दिले नाही. कुंताबाई झोपडीत राहिल्या. मुलगा गोविंदा १९२३ मध्ये कुत्रा चावल्याने मरण पावला तेव्हा बाबा दौऱ्यावर होते. बातमी कळल्यावरही त्यांनी ठरलेली कीर्तने सोडली नाहीत. भक्तांनी या प्रसंगाचे वैराग्य म्हणून कौतुक केले आहे. मागे राहिलेल्या कुंताबाईंनी तो कसा सोसला, याविषयी चरित्रे फारसे बोलत नाहीत.

समकालीन

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गाडगे महाराज यांना एकमेकांविषयी गाढ आदर होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ मध्ये आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, ती शिक्षणाच्या कामी यावी म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहांना आणि शाळांना बाबांनी कीर्तनांतून मदत मिळवून दिली. भाऊरावांनी १९५४ मध्ये कराड येथे काढलेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराज यांचे नाव दिले. स्वतः शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचे नाव महाविद्यालयाला लागले. वऱ्हाडातीलच तुकडोजी महाराज हे वयाने बरेच लहान, पण ग्रामसुधारणेच्या कामात त्यांचे सोबती होते.

प्रबोधनकार ठाकरे यांनी १९५२ मध्ये बाबांचे चरित्र प्रसिद्ध केले. तारुण्यात काही काळ बाबांच्या सहवासात राहिलेले गो. नी. दांडेकर यांनीही त्यांच्याविषयी लिहिले. बाबांनी स्वतः एकही ओळ लिहून ठेवली नाही. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगेबाबा मिशनची स्थापना होऊन धर्मशाळा आणि इतर संस्थांचा कारभार एका सूत्रात आला. अमरावती जिल्ह्याच्या चांदूर बाजार तालुक्यातील नागरवाडी हे सातपुड्याच्या पायथ्याचे ठिकाण त्यांच्या उत्तरायुष्यात त्यांच्या कार्याशी जोडले गेले.

अखेर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्या वेळी बाबांचे वय ऐंशी होते आणि प्रकृती ढासळलेली होती. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकरांचे निधन झाले. तो आघात बाबांना फार लागला. दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, त्यांना अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी प्राण सोडला. अमरावतीत त्यांची समाधी असून तो परिसर गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. आपली मूर्ती, समाधी, स्मारक करू नये, असे त्यांनी बजावले होते.

नंतरचा काळ

१९७७ मध्ये राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेल्या देवकीनंदन गोपाला या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी बाबांची भूमिका केली. भारतीय टपाल खात्याने १९९८ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठास २००५ मध्ये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ हे नाव देण्यात आले.

महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. बक्षिसासाठी का होईना, हजारो गावांत ग्रामस्थांनी रस्ते झाडले, उकिरडे हलवले, शौचालये बांधली, शोषखड्डे खणले. योजनेसाठी मोठा निधी वाटण्याऐवजी लोकांच्या श्रमाला आणि चढाओढीला हात घातल्याने ती वेगळी ठरली. तपासणी पथक येऊन गेल्यावर पुन्हा जैसे थे झालेली गावेही होती, आणि एकदा लागलेली सवय टिकवून धरलेली गावेही आहेत. वऱ्हाडाच्या काळ्या मातीत शोषखड्डा लवकर तुंबतो. तो वेळोवेळी उपसावा लागतो किंवा सांडपाणी परसबागेकडे वळवावे लागते. हे ज्या गावांनी लक्षात घेतले तेथे नाल्या कोरड्या राहिल्या.

हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला आणि त्यानंतर अधिक कडक कायदा २०१३ मध्ये आला. तरीही शहरांतील गटारे आणि मैल्याच्या टाक्या साफ करताना विषारी वायूने गुदमरून कामगार मरण पावल्याच्या बातम्या येत राहतात, आणि मरणारे बहुतेक त्याच जातींचे असतात. गाळ उपसण्यासाठी, फोडण्यासाठी, कुजवण्यासाठी आता यंत्रे आहेत. ती खेड्यांच्या आणि लहान नगरपालिकांच्या नाल्यांपर्यंत पोहोचायची आहेत.